पंखे बंद करायची यादी

सत्तरच्या दशकात मी सोलापुरातल्या एका गिरणीच्या पॉवर हाऊसमध्ये असिस्टंट इंजिनिअर होतो. नोकरी नवीन होती. आमच्याकडे दोन बॉयलर. त्यांच्या वाफेवर टर्बाइन फिरून गिरणीची वीज व्हायची, आणि तीच वाफ सायझिंगला, म्हणजे सुताला खळ चढवायलाही जायची. ऐन एप्रिलमध्ये एका बॉयलरच्या नळ्या फुटल्या. नव्या यायला दोन महिने लागणार होते आणि बाहेरच्या विजेला आधीच कपात. निम्म्या वाफेत गिरणी कशी चालवायची ते ठरवायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं.

मी यादी केली. चांगली केली, अजूनही सांगतो, आणि सांगताना माझी मलाच चीड येते. सायझिंग मधेच थांबलं की खळ वाळून सूत वाया जातं, म्हणून त्याची वाफ तोडायची नाही. मागखात्यात हवा कोरडी पडली की धागा तुटतो, म्हणून तिथला दमटपणा राखायचा. मग आधी बंद काय करायचं? मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या खात्यातले पंखे. त्याने कापडाचं काही बिघडत नव्हतं. ऑफिसचे पंखे मी यादीत धरलेच नाहीत. तिथे मी बसायचो.

कांडीखात्यात सगळ्या बायका, आणि त्यांत माझी मावशी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, शिकवलं. आम्ही दोघं भवानी पेठेत दोन खोल्यांत राहायचो. पत्र्याखालच्या त्या खात्याची भट्टी होणार, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी रोज संध्याकाळी विचारायचो, "मावशी, पंख्यावाचून लई त्रास होतोय का?"

"काय न्हाय की. चाललंय. तू जेव."

मग ती फरशीवर पाणी शिंपडून तशीच आडवी व्हायची. तिचं जेवण निम्म्यावर आलं होतं. मी ते वयावर ढकललं. बायकांची तक्रार आली की यादी बदलू, असं मनाशी धरलं होतं. तक्रार आली नाही. साहेबांनी पाठ थोपटली आणि मी फुशारलो.

मे महिन्यात एका दुपारी मावशी यंत्रापाशीच कोसळली. अंगाला हात लावला तर चटका बसत होता. दवाखान्यात तिने डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

तिच्या शेजारच्या यंत्रावर काम करणारी बाई घरी भेटायला आली. म्हणाली, "आमी कवाच साहेबाकडं जाणार हुतो. हीच आडवी यायची. म्हणायची, माज्या पोराचा कागद हाय त्यो. त्याला खाली बघाय लावू नगा."

मावशीला रोज विचारण्यापेक्षा एकदा तिच्या खात्यात जाऊन उभा राहिलो असतो, तरी पुरलं असतं. ते माझ्या खुर्चीपासून शंभर पावलांवर होतं. मी जात नव्हतो, कारण तिथे फार उकडायचं.