लसूणघासातलं जोडवं

माती काही विसरत नाही, असं उत्खननावरच्या जाड पुस्तकांत मोठ्या गांभीर्याने लिहिलेलं असतं. रास अल खैमाजवळच्या एका शेतातल्या मातीने एवढं जपून ठेवलं होतं: थंड पेयांची एकोणीस बुचं, चेपलेला माशांचा डबा, पाइपाचे गंजलेले क्लॅम्प आणि एक चमचा. माझ्या मित्राच्या बायकोचं जोडवं त्यात नव्हतं.

आम्ही दोघं दुबईत एकाच कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत सत्तावीस वर्षं होतो, करामा भागात एकाच मजल्यावर राहत होतो. ऑफिसची सहल या शेतावर गेली, तेव्हा खजुरीपलीकडच्या लसूणघासात अनवाणी फिरताना त्याच्या बायकोच्या पायातलं एक जोडवं पडलं. नवीन घेऊ म्हटलं तर ती ऐकेना. लग्नातलं आहे, सापडेल, म्हणायची. दोन महिन्यांत ती गेली. तिला शेवटचं सजवताना बायकांनी विचारलं, दुसरं कुठाय? नंतर हा मला एकदाच म्हणाला, "एक पाय मोकळाच गेला रे तिचा."

आता त्याची नोकरी संपली होती, व्हिसाचा महिना उरला होता. त्याने मेटल डिटेक्टर घेतला, शेतमालकाची परवानगी काढली. जोडवं सापडलं की गावी नेऊन कृष्णेत सोडायचं, एवढंच त्याला हवं होतं. दर रविवारी तो हेडफोन लावून वाफ्यांतून फिरायचा, मी खुरपं घेऊन मागे. पठाण राखणदार खाटेवरून विचारायचा, "सेठ, खजाना मिला?" मी इन्शाल्ला म्हणायचो. नास्तिकाला हा शब्द फार सोयीचा पडतो.

तिसऱ्या रविवारी तो बुचंसुद्धा धुऊन निरखायला लागला. तेव्हा मी बर दुबईच्या बाजारात गेलो. दुकानदार एकच जोडवं देईना, म्हणून जोडी घेतली. त्यातलं एक वाळूने घासलं, उकडलेल्या अंड्याबरोबर डबीत ठेवून काळं केलं आणि शेवटच्या रविवारी, तो राखणदाराकडे चहाला बसलेला असताना, वाफ्याच्या कडेला पुरलं.

यंत्र वाजलं. त्याने स्वतः उकरलं, अंगठ्याने माती पुसली आणि तिथेच खाली बसला. मग चष्मा लावून जोडव्याची आतली बाजू उन्हाकडे धरली. चांदीच्या कसाचा आकडा तिथे कोरलेला असतो, हे मला सुचलंच नव्हतं.

"नऊ, दोन, पाच," त्याने वाचलं. "आमच्या सोनाराला इंग्रजी येत नव्हतं रे."

जोडीतलं दुसरं माझ्या खिशात होतं. मी खुरप्याची माती काढत राहिलो.

"असू दे," तो म्हणाला, आणि ते रुमालात बांधलं.

गावी पोचल्यावर त्याचा फोन आला. जोडवं कृष्णेत सोडलं होतं. घाटाला पाणी नव्हतं, म्हणून धरणातून सुटेपर्यंत चार दिवस थांबावं लागलं.