सपाटीवर चालू न होणारा ट्रक: कुरुंदा ते हिंगोली

ताईचा फोन रविवारी आला आणि मंगळवारी मी पुण्याहून नांदेडला उतरलो. मला तसंही चार दिवस घरात बसवत नाही, निमित्त लागतं. या वेळचं निमित्त म्हणजे दाजींचा, बालाजीरावांचा, जुना डिझेल ट्रक. सकाळी तो चालू होता होत नाही, म्हणून दाजी गेली दोन वर्षं तो गावाबाहेर तलावाजवळच्या उतारावर लावतात आणि राखणीला स्वतःही केबिनमध्येच झोपतात. घर सपाट जागेवर, तिथे लावला तर सकाळी ट्रक चालूच व्हायचा नाही.

"ह्या खेपेला सपाटीवर चालू झाला न्हाई तर इकून टाका म्हणलं मी, अन् व्हय म्हणले ते," ताई म्हणाली. "तू संगं जा. मला माणूस घरात पायजे."

वर्ष २००६, फेब्रुवारी. नांदेडहून वसमतला एसटी आहे, पुढे कुरुंद्याला काळीपिवळी जीप. अंग चोरून बसायची तयारी ठेवा. हळद शिजवायचे दिवस होते आणि गावभर तिचा उग्र, मातकट वास पसरला होता. यायचं तर याच दिवसांत या.

बुधवारी सकाळी ट्रक उतारावरून घरंगळला, गिअरमध्ये पडला आणि खोकत चालू झाला. हळदीची पोती भरताना इंजिन चालू. डोंगरकड्याच्या वाटेवर चहाला थांबलो तरी चालूच. मला पाय मोकळे करायचे होते.

"दाजी, जरा बंद करा की. डोकं उठलं."

"तुमचं डोकं उठलं तरी चालू ऱ्हातंय. हे बंद पडलं तर न्हाई व्हायचं," दाजी स्टेअरिंगवरचा हात न काढता म्हणाले.

बॅटरी नवी, सेल्फ नवा. एका मिस्त्रीने तर इंजिन खोलायलाच सांगितलं होतं. डोंगरकड्यात सगळे ज्यांना चाचा म्हणतात, त्या जुन्या मिस्त्रींच्या गॅरेजपाशी मी हट्टाने ट्रक थांबवायला लावला. सत्तरीचे गृहस्थ, चष्म्याला दोरा बांधलेला. त्यांनी पहिलं काम केलं ते इंजिन बंद करायचं. दाजींचा चेहरा उतरला.

"अब इसकू कोई ढकलायचं न्हाई," चाचा म्हणाले. "जेवून या, दोन घंटे."

शेजारच्या खानावळीत गरम भाकरी, पिठलं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा मिळाला. पंधरा रुपयांत पोट भरलं. दाजींनी मात्र अर्धी भाकरी तशीच ठेवली आणि तीनदा उठून ट्रक बघून आले.

परतल्यावर चाचांनी सेल्फ मारायला लावला. इंजिन जोमात फिरत होतं, पण चालू होईना. चाचा इंजिनाकडे बघतच नव्हते, ते मागे सायलेन्सरपाशी उभे होते.

"धूर हाय का?"

"न्हाई," मी म्हणालो.

"मग डिझेलच पोचून न्हाई राहिलं. पोचलं अन् जळलं न्हाई, तर पांढरा धूर येतो. इंजिन काहून खोलता?"

फिल्टरवरचा स्क्रू सैल करून त्यांनी इंजिनावरचा डिझेलचा छोटा हातपंप मारला. आधी हवेचा फेस आला, मग स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळून चावी फिरवली, ट्रक चालू. पण चाचांचं समाधान नव्हतं. त्यांनी टाकीचा पाइप सोडला आणि डिझेलचा डबा उंचावर टांगून त्याची नळी पंपाला जोडली. रात्रभर ट्रक तसाच सपाटीवर ठेवायचा. दाजी हिंगोलीला पोचायला उशीर होतो म्हणून भुणभुणले.

सकाळी थंडी होती. एका चावीत चालू झाला.

"इंजिन बराबर हाय. खोट टाकीपासून पंपापर्यंत," चाचा म्हणाले आणि सोडलेला पाइप उलटून त्यांनी टाकीजवळच्या टोकाला नख लावलं. वाळलेल्या साबणाचा थर निघाला. खाली रबराला बारीक चीर.

"हे कुणी लावलं?"

"मीच," दाजी म्हणाले. "उतारावर थेंब थेंब गळत होतं. साबण लावला, गळायचं थांबलं."

आमच्याकडे गळक्या टाकीला साबण लावतातच. दाजींची चूक ती नव्हती. थेंब थांबला म्हणजे रोग गेला, हे ते धरून चालले.

"अरे बालाजीराव, पंप हितून डिझेल ओढतो. तेल भाईर यायचं थांबलं, पण साबण वाळला अन् हवा आत जाऊन राहिली. सपाटीवर टाकी पंपाच्या खाली ऱ्हाती, रातभर डिझेल माघारी टाकीत जातं. उतारावर टाकी वर, म्हून तकलीफ दिसली न्हाई तुमाला."

वीतभर नवा पाइप, दोन क्लिपा, काम झालं. दोन वर्षं एक माणूस घराबाहेर झोपला ते एवढ्यासाठी. मला हसूही आलं आणि रागही. हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे हळदीच्या बाजारात, दाजींनी भर सपाटीवर इंजिन बंद केलं आणि निवांत चहा मागवला. त्यांना इतकं निवांत मी कधीच पाहिलं नव्हतं. ट्रक विकायचा विषय तिथेच संपला. परतताना वाटलं, ताईचं काम झालं.

पुण्याला आल्यावर महिन्याभराने मीच फोन केला.

"ट्रक दारात लावतात ना आता?"

"लावतेत की, आले म्हंजी," ताई म्हणाली. "आधी लांबची खेप धरायला भ्यायचे. आता हैदराबाद काय, नागपूर काय, एका चावीत जातेत. परवा आठ दिवसांनी आले अन् पहाटं गेले."

मी म्हणालो, "चुकलंच माझं, ताई."

"तुझं काय चुकलं? खोट गाडीत हाय असं मलाबी वाटलं होतं."