धूलिकर्म आणि आमचं मिठागर

शब्दांविषयी लिहिणं हे माझं काम नव्हे. तरी लिहितो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझा विषय गणित.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात एका जुन्या कोशात मला 'धूलिकर्म' हा शब्द दिसला. अर्थ दिला होता, गणित. धूलि म्हणजे धूळ, कर्म म्हणजे काम. कागद नव्हता तेव्हा फळीवर धूळ पसरून तिच्यावर बोटानं किंवा काडीनं आकडे मांडत. एक पायरी झाली की आकडा पुसून त्याच जागी पुढचा लिहीत. म्हणून त्या विद्येलाच हे नाव पडलं.

मला बाबा आठवले. ते जूचंद्रच्या मिठागरात कामाला होते. जमिनीचा वाकडा तुकडा दोन सारख्या वाफ्यांत वाटायचा असला की ते करड्या चिखलावर काठीनं रेघा ओढत आणि उत्तर आलं की टाचेनं पुसत. शाळेत असताना मित्रांसमोर मला त्याची लाज वाटे.

आंतरमहाविद्यालयीन निबंधस्पर्धेसाठी मी हाच शब्द घेतला आणि रविवारी वही घेऊन मिठागरावर गेलो. मी आकृती उतरवून घेईपर्यंत बाबांनी ती पुसलीसुद्धा.

"बाबा, पुसू नको ना!"

"हिशेब झाला. आता रेघांचा काय लोनचा घालू?"

बाजूचे कामगार हसले. बाबांनी मात्र तीच आकृती चार वेळा काढली. तिरक्या तुकड्याचा त्यांनी तेवढ्याच क्षेत्रफळाचा त्रिकोण केला आणि तो बरोबर मधोमध कापला. आम्हाला वर्गात हे प्रमेय म्हणून शिकवलं होतं. बाबा दुसरीपर्यंत शिकलेले.

निबंध वाचून आमचे सर म्हणाले, "व्युत्पत्ती छान मांडलीस. वडिलांचं तेवढं गाळ. परीक्षक विद्वान असतात, हसतील."

बाबांवरची ती दोन पानं मी दोनदा काढली, दोनदा परत जोडली. हसलेच असते तर मला नव्हे, बाबांना हसले असते. तरी शेवटी पानं ठेवूनच निबंध पाठवला.

महिने गेले. पावसाळ्यात मिठागर बंद झालं, बाबा भाताच्या लावणीला लागले, तेव्हा कुठे पोस्टकार्ड आलं. निबंधाला तिसरा क्रमांक मिळाला होता आणि तो स्पर्धेच्या अंकात छापणार होते. खाली परीक्षकांनी लिहिलं होतं, व्युत्पत्तीचा भाग थोडक्यात घ्यावा, मिठागराचा पूर्ण छापावा आणि आकृत्यांखाली वडिलांचं नाव द्यावं.