पत्ते वाटणारा दुसरा

शिरूर कासारच्या आमच्या निवासी शाळेत वीस जुने कॉम्प्युटर आले, त्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा सर्व्हर उभा केला. त्यानं मला आठवडाभर रडकुंडीला आणलं.

मी तिथं संगणक शिकवायचे. माझं माहेर तेलगावचं. आमच्याकडं घराच्या मागंच ऊस उभा असायचा, त्यामुळं तो तोडायला कोण येतं याचा लहानपणी कधी विचारच केला नव्हता. शिरूरला नोकरी लागली आणि कळलं. दिवाळीच्या आसपास इथल्या वाड्या-वस्त्यांवरची माणसं तोडीला निघतात आणि त्यांची पोरं आमच्या वसतिगृहात राहायला येतात. ती यायच्या आत लॅब तयार करा, असं मुख्याध्यापकांनी मला सांगितलं होतं.

कॉम्प्युटर पुण्याच्या कुठल्याशा ऑफिसनं दिलेले. प्रत्येकावर वेगळंच काहीतरी भरलेलं. दोन तर सुरू होताच पासवर्ड मागत आणि तो माहीत असलेला माणूस पुण्यात. सगळं पुसून नव्यानं टाकायचं ठरवलं. पण पेन ड्राइव्ह लावून एकेक मशीन करायचं म्हणजे दर मशीनला दीड तास जाणार, शिवाय ते सारखे प्रश्न विचारणार. भाषा कोणती, देश कोणता, नाव काय.

म्हणून मी त्यातल्या त्यात धडधाकट मशीन निवडून त्याचा सर्व्हर केला. लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम घेतली, तिच्यात मराठी कीबोर्ड घातला, चित्रं काढायचं, टायपिंगचं आणि गणिताच्या खेळांचं सॉफ्टवेअर घातलं, मेनू मराठीत केला. त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एका फाइलमध्ये आधीच लिहून ठेवली. आता बाकीची मशिनं नुसती सुरू करायची. सुरू झालं की मशीन वायरीवरून हाक मारतं, मला एक पत्ता द्या आणि काय लोड करू ते सांगा. सर्व्हर पत्ता देतो, फाइल देतो, पुढचं आपोआप होतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर दोन मशिनांवर करून पाहिलं. झकास चाललं. मी एकटीच लॅबमध्ये टाळ्या वाजवल्या.

सोमवारी अकरा वाजता मुख्याध्यापकांना आणि चार शिक्षकांना बोलावून दहा मशिनं एकदम सुरू केली. पाच निघाली भराभर. उरलेल्या पाचांच्या काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली, फाइल सापडली नाही.

"निम्मी तर झाली," मुख्याध्यापक म्हणाले. माणूस भला. पण माझे कान गरम झाले होते.

त्यानंतर मी काय काय नाही केलं! फाइल पुन्हा कॉपी केली. वायरी बदलल्या. खिडकीजवळची मशिनं दाराजवळ आणली. वैताग असा की आज अडलेलं मशीन उद्या बिनबोभाट चालायचं आणि आज चाललेलं उद्या अडायचं. एखादं मशीन मेलेलं असतं तर बाजूला ठेवलं असतं. ही सगळी आळीपाळीनं आजारी पडत होती. मी एका वहीत प्रत्येक खेपेची वेळ, मशीनचा नंबर आणि पडद्यावर दिसेल ते लिहून ठेवायला लागले. चार दिवसांत पंधरा पानं भरली आणि माझ्या डोक्यात उजेड काही पडला नाही.

शेजारच्या ऑफिसातले क्लार्क, ज्यांना आम्ही सगळे भाऊसाहेब म्हणायचो, ते रोज लॅबमधल्या प्रिंटरवरून कागद न्यायला यायचे. आले की माझ्याकडं बघून मान हलवायचे.

"मॅडम, लई जुनी हायत ही. भंगारात घाला अन् मोकळ्या व्हा."

मी दात आवळून हसायचे.

शुक्रवारी शिपाई मामा चहा घेऊन आले. मामांच्या घरी तीस-चाळीस मेंढरं. सुट्टीच्या दिवशी ते स्वतः रानात घेऊन जायचे. चहा ठेवून ते दारातच थांबले.

"एक बोलू का मॅडम? तुमची मशिनं जेवायच्या सुट्टीत बरी चालतात."

"मशिनांना कसली आलीय सुट्टी, मामा?"

"मी आपलं बगितलं ते सांगितलं. मंगळवारी बी, काल बी. सुट्टीत तुमी हसत असता."

ते गेल्यावर मी वही उघडली आणि बघतच राहिले. एकही मशीन न अडलेल्या सगळ्या खेपा एक तर सकाळी दहाच्या आतल्या, नाही तर दीड ते सव्वादोनमधल्या, नाही तर पाचनंतरच्या. मधल्या वेळेत नुसता गोंधळ. मी मामांना परत हाक मारली आणि मशीन पत्ता कसं मागतं, सर्व्हर तो कसा देतो, हे सगळं त्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला ते मोठ्यानं बोलून बघायचं होतं.

मामांनी शांतपणे ऐकलं. "मग दुसरं कुणीतरी हाक देत आसंल त्यान्ला," ते म्हणाले. "रानात शेजारच्यानं आवाज दिला की आमची निम्मी मेंढरं तिकडं पळतात."

मी तशीच उठून अडलेल्या मशीनचा पडदा पाहिला. हे पत्ते म्हणजे नुसते आकडे. माझा सर्व्हर देत होता ते सगळे दहानं सुरू होणारे. इथं पत्ता होता एकशे ब्याण्णवनं सुरू होणारा. माझ्या वहीत तो वीसेक वेळा लिहिलेला, माझ्याच अक्षरात, आणि एकदाही माझ्या डोळ्यांना खुपला नव्हता. पत्ते वाटणारा आणखी कोणीतरी होता. तो पत्ता द्यायचा, पण फाइल त्याच्याकडं कुठून असणार?

ज्या डब्यात सगळ्या वायरी येतात त्याच्या मागं आम्ही मोजणी केली. एकवीस हव्या होत्या, बावीस निघाल्या. जास्तीची निळी वायर खिडकीच्या गजातून बाहेर गेली होती. मामा पुढं, मी मागं, दोघंही माना वर करून व्हरांड्यातून चाललो. वायर सूचनाफलकावरून, घड्याळामागून पुढं गेली.

"वर काही अडकलंय का?" मुख्याध्यापकांनी विचारलं आणि तेही आमच्या मागं निघाले.

वायर उतरली ती थेट भाऊसाहेबांच्या टेबलाखाली. हजेरीपटांच्या गठ्ठ्यामागं इंटरनेटचा राउटर हिरवे दिवे लुकलुकवत बसला होता.

"ती वायर व्हय?" भाऊसाहेब सहज म्हणाले. "मीच जोडली की. ऑफिसचा प्रिंटर बंद हाय, तुमचा चालू हाय. हितनंच प्रिंट दिऊन तिकडं कागद घ्यायचा."

"मला सांगितलं का नाही?"

"'आमचा प्रिंटर कावून वापरता' म्हणला असतात तर?"

"आणि जेवायच्या सुट्टीत राउटर बंद करता?"

"मग! कुणी नसताना वीज कावून जाळायची?" सकाळी आले की ते चालू करायचे, पाचला जाताना बंद. शनिवारी तर बारालाच.

मला इतकं हसू आलं की खुर्चीवर बसावं लागलं. आठवडाभर मी स्वतःला अडाणी समजत होते. हाक मारणाऱ्या मशिनांना हा राउटरही आपले पत्ते वाटत होता, हे मी समजावून सांगितलं तसा भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. ते खाली वाकून वायर उपटायला लागले.

"राहू द्या ती," मी म्हणाले. "प्रिंटर शाळेचाच आहे. पत्ते वाटायचं तेवढं याचं बंद करू, ते काम माझा सर्व्हर करील."

राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती एक खूण काढली, झालं. म्हणजे मला वाटलं झालं. अर्ध्या तासात भाऊसाहेब धावत आले, ऑफिसचं इंटरनेट गेलं म्हणून. चूक माझी होती. पत्ते आता माझा सर्व्हर देत होता, पण इंटरनेटकडं जायची वाट राउटरमधून आहे हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. राउटरलाही दहानं सुरू होणारा पत्ता दिला, सर्व्हरमध्ये एक ओळ घातली आणि सगळं सुरू झालं.

"मंजी तुमचं बी चुकतं," भाऊसाहेब म्हणाले आणि त्या दिवसात पहिल्यांदा मोकळे हसले.

शनिवारी सकाळी साडेअकराला, राउटर मुद्दाम चालू ठेवून, उरलेली सगळी मशिनं एकदम सुरू करायची ठरली. एकेका मशीनसमोर एकेक माणूस उभं केलं. शिक्षक, मामा, भाऊसाहेब, स्वयंपाकाच्या मावशी सुद्धा, पिठाचे हात पदराला पुसत. मी तीन म्हटल्यावर सगळ्यांनी बटण दाबलं. पडद्यांवर ठिपके सरकायला लागले.

"माझं निघालं!" मावशी ओरडल्या.

मग एकेक करत सगळी निघाली. एक राहिलं. त्याची वायर उंदरानं कुरतडलेली होती. ती बदलली.

पोरं आली तेव्हा वीसही पडदे मराठीत बोलत होते. पहिल्या तासाला सातवीतल्या एका मुलीनं तिच्या आईसाठी चार ओळी टाइप केल्या. "आमी बरे हाओत. भाकरी बरी आस्ते. तुजा फोन बंद लागतो, चार्ज कर." मी तिचं शुद्धलेखन दुरुस्त केलं नाही. ओळींचा फोटो काढून तिच्या वडिलांच्या फोनवर पाठवला आणि तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला.

हे सगळं पाटोद्याच्या एका शाळेनं ऐकलं आणि आम्हाला बोलावलं. भाऊसाहेब माझ्याबरोबर आले, न विचारता. जीपमध्ये सर्व्हर मांडीवर त्यांनीच धरला होता. तिथं पोचल्यावर कळलं की त्या शाळेतली मशिनं इतकी जुनी की वायरीवरून हाक मारणं त्यांना माहीतच नाही. सर्व्हर काहीच कामाचा नव्हता. मग पेन ड्राइव्ह काढले आणि बसलो एकेक करत, मी या टोकाकडून, भाऊसाहेब त्या टोकाकडून. देश कोणता, भाषा कोणती, हे प्रश्न ते मोठ्यानं वाचायचे आणि उत्तरही मोठ्यानं द्यायचे. संध्याकाळपर्यंत आठ झाली. उरलेल्यांसाठी पुढच्या शनिवारी परत गेलो.