विहिरीवरची खोली

कंपनीच्या कामासाठी मी दर महिन्याला दोन दिवस चाकणच्या एका स्वस्त गेस्टहाउसमध्ये राहते. तिथले काउंटरवरचे काका खोलीचा नंबर कधी सांगत नाहीत. गेस्टहाउस त्यांच्याच शेतात उभं राहिलंय आणि ते अजून शेतातल्याच जागा सांगतात. "ताई, तुमी विहिरीवर जावा," म्हणत ते मला दोनशे तीनची किल्ली देतात. त्या खोलीत दुपारी डोळा लागला, की फरशीखाली संथ पाणी हलतंय असं वाटत राहतं.

परवा संध्याकाळी बसमधला एक माणूस माझ्या मागोमाग गेस्टहाउसच्या दारापर्यंत आला. मी किल्ली घेऊन जिन्याच्या वळणावर थांबले.

"आत्ता आलेली मॅडम कुठल्या रूममध्ये आहे?" त्याने विचारलं.

"विहिरीवर गेली," काका म्हणाले.

"इथं कुठंय विहीर?"

"बुजवली की राव, बांधकामाच्या वक्ताला. हुडका आता!"

तो शिव्या देत निघून गेला. मी खाली आले. विचारलं, "काका, चहा मिळेल?"

"मिळंल की."

चहा सांगून त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि जिन्याच्या तोंडाशी आडवी टाकून बसले.