मोसंब्यांची अंघोळ

मुकुंदवाडीनं माझ्या आत्याला, सारजाबाईला, एका पाटीभर मोसंब्यांवरून वेडी ठरवलं. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. ती गावची सुईण. घरामागची मोसंबीची बाग तिनं घागरीनं पाणी घालून जगवलेली.

रमजानात मोसंबीला भाव येतो. तोवर फळं टिकावीत म्हणून तिच्या नवऱ्यानं, सांडूमामांनी, ती शहरातल्या बर्फाच्या कारखान्यात थंड खोलीत ठेवली. बाहेर काढली तर सालीवर तपकिरी खड्डे, देवी येऊन गेलेल्या तोंडासारखे. व्यापारी मुबारकशेठनी हातसुद्धा लावला नाही. पुढच्या साली असंच झालं तर बाग तोडायची, असं मामांनी जाहीर केलं.

"झाडाचा काय गुन्हा?" आत्या म्हणाली. "उन्हात वाढलेलं लेकरू तुमी एकदम बर्फात नेऊन टाकता. आधी शेकाया नको व्हय?"

पुढच्या हंगामात तिनं चुलीवर हंडा चढवला आणि फळं न्हाऊ घातली. गावाला फुकटचा तमाशा मिळाला. पहिल्या पाटीला ती चुकलीही. सवयीनं बाळंतिणीला घालतात तसलं कढत पाणी घेतलं आणि फळं आठवड्यात लिबलिबीत झाली. गाव पोट धरून हसलं. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना पहिली अंघोळ याच बाईनं घातली होती. मला अजून त्यांचा राग येतो.

मामांनी कुऱ्हाडीला धार लावली. आत्यानं बागेत घोंगडी अंथरली आणि बुंध्याला टेकून बसली.

"लई फळं हायेत अजून झाडावर. ती उतरून, ठिवून, पुन्हा बाहेर येस्तोवर मी हितून हलायची नाय."

मामा पुटपुटत माघारी फिरले.

या खेपेला तिनं पाण्यात कोपर बुडवून पाहिलं, तान्ह्या लेकराला सोसेल इतकंच ऊन. फळं त्यात निवांत ठेवली, पुसली, सावलीत वाळवली आणि मग थंड खोलीत पाठवली.

रमजानात पाट्या उघडल्या. चार-दोन फळांना डाग होते, बाकीची साल नितळ. मुबारकशेठनी एक सोलून खाल्लं आणि सगळा माल उचलतो म्हणाले.

घरी आल्यावर मामा गुपचूप कुऱ्हाड खुंटीला अडकवायला निघाले. आत्यानं चुलीपासूनच हाक मारली.

"ठिवता कुठं? पुढल्या साली अख्ख्या बागंला न्हाऊ घालायचंय. सरपण फोडा."