बाबांची खाली येणारी ओळ

माझे बाबा आमच्या गावच्या दंडारीतले मुख्य गाणारे. भाऊबीजेनंतर मंडईची जत्रा भरली की तलावाच्या पाळीखालच्या मैदानात ढोलकी आणि टाळांवर दंडारीचं नाचगाणं रंगायचं. सासरी निघालेली लेक पाळ उतरेपर्यंत वळून वळून गावाकडे बघते, असं एक गाणं बाबांनी स्वतः बांधलं होतं. ते त्यांच्याशिवाय कोणी म्हणत नसे.

माझं लग्न झालं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ते तापाने पडले. ताप गेला, पण आवाज बसला तो बसलाच. मंडई तोंडावर आलेली. मंडळींनी शेजारच्या गावचा एक तरुण बोलावला आणि बाबांनी आपल्याच ओसरीत बसून त्याला ते गाणं शिकवलं. ते एकदाही चिडले नाहीत. चिडले मी. दिवाळीला माहेरी आले होते, त्या मेल्याला चहासुद्धा आदळून दिला. मंडईत त्याच्याकडे बघायचंच नाही असं मी ठरवून टाकलं.

दुपार कलताना दंडार उभी राहिली. बाबा पुढे चटईवर, मी मागे बायांमध्ये. गाण्याची शेवटची ओळ बाबा हळूहळू खाली आणून सोडायचे. त्या तरुणाने ती वर नेली आणि तिथेच धरून ठेवली. ढोलकी थांबली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. लहानपणापासून ऐकलेलं ते गाणं मला त्या दिवशी पहिल्यांदा आतपर्यंत लागलं.

"आनखी एक डाव म्हना!" कोणीतरी ओरडलं. ती मीच होते. बाबांनी वळून पाहिलं.

घरी येताना त्यांनी विचारलं, "कसा म्हनला, पोरी?"

"बेस म्हनला. पन तुमच्यावानी नाही."

"कायले लबाड बोलून रायली?" ते हसले. "माह्यापेक्षा बेस म्हनला तो."

नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. एरवी माझी जीभ कोणाला ऐकत नाही, पण तेव्हा मी चपलेतला खडा काढायला वाकले. बाबा पुढे चालू लागले.

सासरी धानाच्या बांधीत रोवणी करताना मी ते गाणं म्हणू लागले. बायांनी ते उचललं, त्यांच्या लेकींनी आपापल्या सासरी नेलं. एकदा बाबा छोट्या रेल्वेगाडीने मला भेटायला आले, तेव्हा मी दळत गात होते. त्यांना दारात बघून गप्प झाले.

"थांबली काऊन? म्हन."

म्हटलं. शेवटची ओळ वरच गेली. बाबा खाटेवर बसून बोटांनी ठेका धरत होते. त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटली.

ते जाऊन बरीच वर्षं झाली. बापाचं गाणं लेकीने जगवलं, असं लोक कौतुकाने म्हणतात. घरी कोणी नसलं की मी ती ओळ खाली आणून बघते. ती खाली येतच नाही. त्या तरुणाचा आवाज अजून कानात जसाच्या तसा आहे. बाबांचा मला आठवत नाही.